डेरग्यावरचा मांडा

देवाने माणसाला दोन हात दिले म्हणून त्याने एका वेळी दोन कामं उरकावीत, हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं तो पुरुष असणार, आणि सांगताना ओट्यावर बसलेला असणार.

कळसाडीत गिरधर पाटलांच्या बायकोचं, दगूबाईचं, मोठं नाव होतं. ती दळायला बसली की बघत राहावं. उजव्या हाताने जातं, डाव्या हाताने मूठमूठ दाणे, पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी, तोंडाने कासाराशी घासाघीस आणि डोळे अंगणात वाळणाऱ्या कुरडयांवर, कारण शेळीला कुरडया फार आवडतात. "दगूबाईले आठ हात शेतस," असं गाव म्हणायचं. गावाचं काय जातं? कौतुक फुकटचं असतं. एखाद्या बाईला आठ हात आहेत असं एकदा ठरलं की तिला नववं काम सांगायला कुणाला लाज वाटत नाही.

त्या आठ हातांतून बाहेर काय पडतं, ते मात्र कुणी पाहत नव्हतं. कासार आपल्याच भावात बांगड्या भरून जायचा. शेळी कुरडया खाऊन जायची. आणि भाकरीत खर लागायची, दाताखाली कचकन. गिरधर पाटील म्हणायचे, जात्याचा दगड खराब आहे. त्यांनी दोनदा पाथरवट बोलावून जातं टाकवून, म्हणजे दगडाला नव्याने टाचे पाडून घेतलं. खर लागतच राहिली.

तर सन चौतीसच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आखाजीचा दिवस. बाहेरचे लोक अक्षय्य तृतीया म्हणतात आणि चार पळ्या रस खाऊन मोकळे होतात. आमच्याकडे आखाजी म्हणजे दिवाळीची थोरली बहीण. सासरी गेलेल्या लेकी आठ दिवस आधीपासून माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि आखाजीच्या संध्याकाळी गौराईला निरोप देतात. पुरुष ओट्यावर पत्ते खेळतात. आखाजीला पत्त्यांचं पाप लागत नाही म्हणे. हा नियमही ओट्यावरच ठरलेला.

दगूबाईची लेक रमिला आठ दिवसांपूर्वीच माहेरी आली होती. तान्हं पोर आईच्या पाळण्यात टाकून ती सकाळपासून झोक्यावर होती. यात वाईट काही नाही, लेकीने झोक्यावरच असावं. पण याच घरातली सून, सुपडी, लग्नानंतरची पहिली आखाजी असूनही अजून सासरीच होती. तिला न्यायला तिचा भाऊ छगन बैलगाडी घेऊन आदल्या दिवशीच आला होता. माहेर तापीच्या पल्याड. दुपार कलंडायच्या आत गाडी निघाली तरच दिवस असेपर्यंत नदी उतरून गावात पोहोचता येणार, तरच गौराईच्या निरोपाला मैत्रिणींबरोबर उभं राहता येणार. उशीर झाला तर पहिली आखाजी गेली. पहिली आखाजी दुसऱ्यांदा येत नाही.

दगूबाईने तिला अडवून ठेवलं होतं, त्यालाही कारण होतं. गिरधर पाटलांचे वडील, म्हातारे आबा, मागच्या आषाढात गेले होते. माणूस गेल्यावर येणाऱ्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावाने मातीची मोठी नवी घागर पाण्याने भरून पूजतात. तिला डेरगं म्हणतात. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, दोन आंबे ठेवायचे आणि पुढ्यात नैवेद्याचं पान.

"पानवर मांडा घरनी सून करी," दगूबाईने सांगून टाकलं होतं. "अखंड मांडा. फाटेल मांडा पितरले चालत नही. तो पानवर पडना का तू मोकयी. मंग जाय तुन्हा भाऊसंगे."

सुपडीने मान हलवली. मांड्याचं तिला भय नव्हतं. तिची आई अख्ख्या गावाचे मांडे करायची. सुपडी नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसून शिकली होती.

ज्यांनी मांडा नुसता मनातच खाल्ला आहे त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करून, भिजवून, तेलावर मळून असं सैल आणि चिवट करायचं की ते ताणलं तरी तुटू नये. त्याच्या दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरून कडा मिटायच्या. मग लाटणं नाही, पोळपाट नाही. तो उंडा हाताच्या पालथ्या पंजांवर घ्यायचा आणि फिरवत फिरवत, त्याच्याच वजनाने, वाढवत न्यायचा. पंजावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत. शेवटी तो उपरण्याएवढा होतो, आतलं पुरण बाहेरून दिसतं, आणि त्या क्षणी तो चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर उलटा सोडायचा. एवढ्या वेळात बाईला नाक खाजवायची सोय नाही. श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

सुपडीची आई म्हणायची, हातावर मांडा असताना घराला आग लागली, तर आधी मांडा खापरावर टाक आणि मग बोंब मार.

पिठाचे सहा उंडे झाले. पहाटेपासूनची मेहनत, सातवा उंडा होण्याइतकंही पीठ घरात नव्हतं. चुलीवर नवं खापर पालथं घातलेलं, खाली बाभळीचा जाळ. चुलीच्या वैलावर खिरीसाठी दुधाचं पातेलं. आणि चुलीच्या डाव्या हाताला, धुऊन निथळायला पालथं घातलेलं, आबांचं डेरगं. खापर आणि डेरगं दोन्ही एकाच कुंभाराने त्याच आठवड्यात आणून दिलेली. दोन्हींची गोल तांबडी बुडं शेजारी शेजारी वर आलेली.

सुपडीने पहिला उंडा हातांवर घेतला. तो मनगटापर्यंत आला, तोच मागून दगूबाई म्हणाली, "व सुपडी, दूध वर येस का देख."

सुपडीची मान वळली. मान वळली की खांदा हलतो, खांदा हलला की कोपर. मांडा मधोमध फाटला.

"हात का मुसळ," दगूबाई म्हणाली. "आन तो, ओटावर दे."

ओट्यावर गिरधर पाटील, सुपडीचा नवरा नथ्थू आणि शेजारचे दोघं, असा चौघांचा डाव रंगला होता. फाटका मांडा चौघांनी रसात बुडवून मिटक्या मारत संपवला.

दुसरा उंडा कोपराजवळ पोहोचला होता, तेव्हा पाळण्यातलं पोर रडलं. "पायनी दोरी हालाय," दगूबाई रस पिळता पिळता म्हणाली. "हात गुतेल शेतस, पाय तं रिकामा शे." सुपडीने पाय लांबवला. मांडा गेला.

बाहेर छगनने गाडीच्या सावलीतून डोकं काढलं. "बई, निंघतस का?"

"थांब रे भाऊ," सुपडी म्हणाली.

तिसऱ्या वेळी भूरीबाई आली. उमेदमल शेटजींची बायको, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली. त्यांच्या मारवाड्यांतही ही आखातीज मोठी, म्हणून ती बाजरी कांडून शिजवलेल्या खिचाचा वाडगा घेऊन आली होती. मांडा हातावर पूर्ण पसरलेला. दगूबाई म्हणाली, "सुपडी, बाईले पाट टाक." सुपडी उठली नाही. पण उठावं की नाही, एवढा विचार मनात आलाच, आणि तेवढ्यानेच मांड्याला वाटोळं भोक पडलं.

ओट्यावरून शेजाऱ्यांपैकी एकाचा आवाज आला, "सूनबाई, आखो एक फाटू द्या. रस उरेल शे."

ओट्यावर हशा झाला. नथ्थूही हसला. तिचं माहेर त्या एका मांड्यावर टांगलेलं होतं आणि तिचा नवरा आणखी एका फाटक्या मांड्याची वाट पाहत पानं पिसत होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की घरातली कामं आपोआप होतात, जसं आभाळ आपोआप भरून येतं.

सुपडीने हात धुतले, पुसले आणि मांडीवर ठेवले. आवाज चढवला नाही.

"आत्या, मी एकच काम करसू. मांडा सांगा, नही तं दूध सांगा, नही तं पाळना सांगा. जे सांगश्यात ते करसू. दोन नही करावत."

भूरीबाई स्वतःच ओढून घेतलेल्या पाटावर बसता बसता अर्धवट वाकलेलीच राहिली. सासूला असं कुणी सांगत नसे. सून एका वेळी एकच काम करणार म्हणजे काय, ती बसून खाणार का?

"नही करावत?" दगूबाई उठली. "ऊठ तठून. तीन उंडा वाया घालात आनी मालेच शिकाडी ऱ्हायनी. देख, कसं करतस ते."

आणि खरं ते सांगितलं पाहिजे, दगूबाई बसली तेव्हा क्षणभर वाटलं की गाव उगीच बोलत नव्हतं. अंगठ्याला पाळण्याची दोरी अडकवली, पोर गप्प झालं. वैलाखालची दोन लाकडं मागे ओढली, दूध खाली बसलं. उंडा पंजांवर आला आणि असा फिरायला लागला की सुपडीसुद्धा बघत राहिली. चाळीस वर्षांचे हात ते. मांडा मनगट ओलांडून गेला, कोपराला भिडला, त्यातून उजेड दिसायला लागला. त्याच वेळी दगूबाई भूरीबाईला शेटजींची तब्येत विचारत होती आणि अंगणातल्या शेळीला हड् हड् करत होती.

तेवढ्यात ओट्यावरून गिरधर पाटलांनी हाक मारली. "पानी आन व. घसा कोरडा पडना."

पाण्याचा माठ त्यांच्या हातापासून दोन पावलांवर होता.

दगूबाईने मान ओट्याकडे वळवली. "माठ काय तुम्हले चावस का?" असं म्हणत म्हणत, मांडा पूर्ण झाला हे हातांना कळलं होतं म्हणून, तिने सवयीने हात पालथे केले आणि मांडा सोडला.

चर्र असा आवाज यायला हवा होता. आला फद्द असा.

दगूबाईने मान फिरवली. आबांच्या डेरग्याला मांडा नेसवला होता. थंडगार मातीवर कच्ची कणीक घट्ट चिकटली होती आणि एका फाटेतून पुरण हळूहळू गळ्याकडे ओघळत होतं. चुलीवरचं खापर शेजारी तापून रिकामंच बसलं होतं.

मग भूरीबाईने तोंडाला पदर लावला. "ओ कांई करियो, दगूबाई?" एवढं म्हणाली आणि तिला हसू आवरेना.

पाणी का येत नाही ते बघायला गिरधर पाटील दारात आले होते. त्यांनी डेरग्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. म्हणाले, "आबाले भलती भूक लागनी व्हई. पान वाढीपर्यंत दम निंघना नही."

सगळे हसले. छगन गाडीवरून उतरून बघायला आला, तोही हसला. हसली नाही ती सुपडी. तिला ठाऊक होतं, आता सगळी वाफ आपल्यावर निघणार आणि आजची गाडी गेली.

दगूबाईचा चेहरा लाल झाला होता. कोपरापर्यंत कणीक लागलेली. तिने अंगठ्यातली दोरी काढली आणि बाजूला टाकली.

"हसा," ती म्हणाली. "चाळीस वरीस व्हई गयात माले आठे. एक काम कोनी पुरं करू दिधं का? एकच करी ऱ्हायनी तं म्हनेत, इतलंच का. बठनी तं म्हनेत, बठेल शे." ती थांबली. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आनी आयकी ल्या. भाकरमा खर लागस ना, ती जातानी नही. मन्ही शे. दानामा खडा शे का काय शे, मी कधी देखसच नही. माले येळ कोठे शे देखाले?"

दोनदा टाकवलेलं जातं गिरधर पाटलांना आठवलं असावं.

मग दगूबाईने जे केलं ते तिच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा केलं. तिने कामं वाटली.

"तुम्ही. पाळनानी दोरी धरा. एकच काम. दोरी."

"मी?" गिरधर पाटील म्हणाले.

"नातू तुम्हनाच शे ना? धरा. नथ्थू, उठ. दूधजोडे बठ. दूध देख, दुसरं काही देखू नको. रमिला," तिने निंबाकडे तोंड करून हाक मारली, "झोकावरथीन उतर. आठे ये आनी आबानं डेरगं धू."

रमिला आली, डेरगं पाहिलं, आईचं तोंड पाहिलं. डेरगं उचलून न्हाणीत घेऊन गेली. ओट्यावर डावातले दोन भिडू कमी झाले, उरलेले दोघं हातात पानं धरून एकमेकांकडे पाहत राहिले.

दगूबाई चुलीच्या तोंडाशी सरकली आणि सुपडीला म्हणाली, "जाळ मी देखस. तू मांडा देख. आते कोनी काही सांगाव नही तुले."

दोन उंडे उरले होते. ऊन अंगणात निंबाच्या बुडापर्यंत आलं होतं. छगन दारातच उभा होता, हातात बैलांचा आसूड तसाच.

सुपडीने पाचवा उंडा घेतला. थोडं तेल, थोडा दाब, आणि हात पालथे. मांडा फिरायला लागला. घरात फक्त पाळण्याची कडी किरकिरत होती. गिरधर पाटील दोरी ओढताना इतके गंभीर झाले होते जणू विहिरीतून मोट काढत आहेत. मांडा पंजांवरून उतरला, मनगटावर आला. दगूबाई एक एक काटकी आत सारत होती, ना जास्त ना कमी, आणि मांड्याकडे पाहत होती. तिला नवल वाटत होतं. चाळीस वर्षं तिने मांडे केले, पण मांडा मोठा होताना कधी पाहिला नव्हता.

मांडा कोपराजवळ आला, तेव्हा ओट्यावरच्या एकाला राहवलं नाही. "नथ्थू, तुन्हा एक्का आठेच पडेल शे रे, कोनी उचली लिधा तं?"

नथ्थूने वळून पाहिलं. एवढंच. पण दूध नेमकी त्याच क्षणाची वाट बघत असतं.

स्स्स असा आवाज सुरू झाला. दगूबाईला तो झोपेतही कळायचा. तिचं सगळं अंग त्या आवाजाकडे ओढलं गेलं, हात अर्धा उचलला गेला. तिने तोच हात दुसऱ्या हाताने धरला आणि गुडघ्यावर दाबून ठेवला. तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ओरडली असती तर सुपडीची मान वळली असती. दूध काठावर आलं, काठ ओलांडून वैलावर सांडलं, करपल्याचा वास घरभर झाला. भूरीबाई उठायला लागली, तर दगूबाईने नुसत्या डोळ्यांनी तिला खाली बसवलं.

सुपडीने वास घेतला असेल, आवाजही ऐकला असेल. पण ते तिचं काम नव्हतं. तिने हात खापरावर नेले, पालथे केले आणि सोडले.

चर्र झालं.

उपरण्याएवढा मांडा खापरावर पसरला. कुठे चीर नाही, कुठे भोक नाही. त्यावर सोनेरी ठिपके उमटायला लागले, तेव्हा दगूबाईने श्वास सोडला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "नथ्थू, दूध गयं."

"एक्का बी गया," ओट्यावरचा म्हणाला.

मांडा उलटला, शेकला, चौघडी घातली. धुतलेलं डेरगं पाण्याने भरलं, वर डांगर आणि दोन आंबे ठेवले. पानावर अखंड मांडा पडला. खीर झाली नाही, दूध नव्हतं. भूरीबाईने आणलेला खीच खिरीच्या जागी वाढला. आबांना बाजरी आवडायची, त्यामुळे त्यांच्यातर्फे कुणी तक्रार केली नाही. गिरधर पाटलांनी नमस्कार केला तो एका हाताने. दुसऱ्या हातात दोरी होती, आणि ती सोडायची की नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सुपडी बोचकं घेऊन बाहेर आली तेव्हा सूर्य डोक्यावरून जेमतेम कलला होता. छगनने बैल जुंपलेलेच होते.

ती दगूबाईच्या पाया पडली. दगूबाईने तिच्या पदराला लागलेली कणीक नखाने खरवडून काढली.

"आयक," ती म्हणाली. "तठे जाईसन माय म्हनी, जरा हाई कर, ते कर. गौराईले निरोप देवापर्यंत काही करू नको. झोकावर बठ."

"मंग?"

"मंग काय? झोकावर बठेल ऱ्हाय. तेच काम."

सुपडी हसली, त्या दिवसातलं पहिलंच. गाडी हलली. बैल तापीच्या वाटेला लागले आणि छगनने जो सूर धरला तो गावकुसापर्यंत ऐकू येत होता. सूर वाईट होता, पण माणूस खुशीत होता.

घरात एक उंडा उरला होता. दगूबाई चुलीपुढे बसली. अंगठ्याला दोरी नव्हती. तिने तो उंडा हातांवर घेतला आणि मांडा मोठा होताना शेवटपर्यंत पाहिला. खापरावरून काढला, ताटात घेतला, शेजारी रसाची वाटी ठेवली आणि भिंतीला पाठ टेकून जेवायला बसली. घरातल्या सगळ्यांच्या आधी, गरम गरम.

ओट्यावरून गिरधर पाटील म्हणाले, "आम्हले बी वाढ व."

"थांबा. मी जेवी ऱ्हायनी."

ओट्यावर पुन्हा पानं पिसायला घेतली.

बाहेर अंगणात शेळी कुरडया खात होती. कुरुम् कुरुम् आवाज दगूबाईला स्पष्ट ऐकू येत होता. तिने मांड्याचा दुसरा घास तोडला आणि रसात नीट बुडवला.